विमान येईल तेव्हा येईल, दाजींकडे आधी जा

आठवड्याचं पत्र:

"ताई, नमस्कार. सोलापूरपासून तासाभरावर एका तलावाच्या काठाला लागून आमचं सात एकर रान आहे. तलावाचं नाव छापू नका. पाच वर्षांपासून हिवाळ्यात हुरडा पार्टी करतो. शहरातली माणसं येतात, दोन पायडलच्या बोटी आहेत, पोरं खेळतात, संध्याकाळी थोडं म्युझिक असतं. दिवाळीनंतर दोन गाड्या भरून माणसं आली. तलाव किती लांब, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं, हे विचारून गेली. तेव्हापासून गावात एकच विषय, पाण्यावर उतरणारं विमान येणार! आमच्या दाजींचं रान माझ्या बांधाला लागून आहे. ते म्हणतात, विमान लागायचा धक्का आपल्याच कडेला होऊ दे, जमिनीला सोन्याचा भाव येईल. मी म्हणतो, आवाजानं पक्षी जातील, म्हशी दूध चोरतील, आणि शांतता म्हणून येणारं गिऱ्हाईक तुटेल. भोयांना तर जाळी कुठं टाकायची याचीच काळजी लागलीय. ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडणार म्हटल्यावर दाजींनी बोलणं टाकलं. संक्रांतीला माझी ताई, म्हणजे दाजींची बायको, वाण घेऊन आली, ओट्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्या परत गेली. मंडळी म्हणतात, विमान आलं नाही तोवर घर मोडायला निघालात. ठराव मांडू का नको? आणि आवाज खरंच किती असतो हो?"

दादा,

तुमच्या मंडळींनी एका वाक्यात निम्मा सल्ला देऊन टाकलाय, माझ्यासाठी निम्माच उरला. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाला हात घालते, कारण तो विचारायचं कुणाला सुचत नाही. गावात दोन तट पडतात, पण ज्या आवाजावरून पडले तो दोन्हीकडच्यांनी ऐकलेला नसतो.

मी ऐकलाय. माझी लेक अमेरिकेत सिअ‍ॅटलला असते. त्या शहराच्या मधोमध लेक युनियन नावाचं तळं आहे. काठाला घरं, हॉटेलं, पाण्यावर तरंगणारी घरं, शिडाच्या होड्या, वल्ही मारणारी पोरं, आणि त्याच पाण्यावर दिवसभर विमानं उतरतात, उडतात. चाकांच्या जागी दोन लांबट होड्यांसारखे फ्लोट असतात, त्यावर ते विमान बसतं. एका सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन मी तिथल्या बागेत घड्याळ लावून बसले. (लेक म्हणाली, आई, लोक फोटो काढतात आणि तू हिशेब काढतेस.)

हिशेब असा निघाला. उतरताना विमान जवळजवळ मुक्यानं येतं. इंजिन मंद केलेलं असतं, फ्लोट पाण्याला टेकले की कपडा फाटल्यासारखा एक लांब आवाज होतो, पाण्याचे दोन पांढरे पट्टे उमटतात आणि संपलं. शेजारच्या बाकावर एक म्हातारा पेपर वाचत होता, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. उडताना मात्र गोष्ट वेगळी. पूर्ण ताकद लावून विमान पाण्यावरून पळायला लागतं, तेव्हा जो आवाज उठतो त्यात बोलता येत नाही. पेपरवाला तेव्हाही मान वर करत नव्हता, पण पान उलटायचा थांबत होता. पाणी सुटेपर्यंत अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. मग ते वर चढत लांब जातं आणि आवाज विरतो.

तेव्हा तुमच्या ठरावात 'विमान उतरण्यास विरोध' असं लिहिलं असेल तर ते आधी खोडा. त्रास उतरण्याचा नाही, उडण्याचा आहे. समोर जाणकार माणूस बसला असेल तर पहिल्याच ओळीला हसेल.

आता हा आवाज येतो कुठून? सगळ्यांना वाटतं इंजिनातून. इंजिनाचा असतोच, पण कान फाडणारा बराचसा पंख्याचा असतो. पाण्यानं धरून ठेवलेलं वजन उचलायचं म्हणून पायलट पंखा पूर्ण वेगानं फिरवतो. पिस्टन इंजिनाच्या जुन्या छोट्या विमानांत लांब पात्याचं टोक तेव्हा आवाजाच्या वेगाच्या जवळ जातं आणि करवतीसारखा किंचाळणारा सूर निघतो. तीन-चार आखूड पात्यांचा पंखा तेच काम कमी आवाजात करतो. त्यामुळे 'सी-प्लेन' एवढ्या एका शब्दावर आवाज ठरत नाही. एका इंजिनाचं सहा जणांचं आहे की दोन इंजिनांचं एकोणीस जणांचं, पंखा किती पात्यांचा, हे विचारायला लागतं. गाडी येणार म्हटल्यावर लुना की ट्रक हे आपण विचारतोच ना?

पाण्याची दुसरी खोड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. थंडीत पहाटे पलीकडच्या काठावरच्या देवळातलं भजन तुमच्या गोठ्यात शब्दन्‌शब्द ऐकू येत असेल, आणि दुपारी तिथूनच कुणी हाक मारली तर पोचत नसेल. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते आणि तिच्या वरची थोडी उबदार. वर जाऊ पाहणारा आवाज त्या उबदार थरातून पुन्हा खाली वाकतो आणि गुळगुळीत पाण्यावरून लांबवर घसरत जातो. दुपारी जमीन तापली की उलटं होतं, आवाज वर निघून जातो. म्हणजे तेच विमान सकाळी सातला वैरी वाटेल आणि अकराला पाहुणा.

त्यात आणखी एक भर. पाणी आरशासारखं स्थिर असलं की पायलटलाही ते नको असतं. उतरताना आपण पाण्यापासून किती वर आहोत ते डोळ्यांना कळत नाही, आणि उडताना फ्लोट पाण्याला चिकटून राहतात, सुटायला जास्त अंतर लागतं. जास्त अंतर म्हणजे पूर्ण ताकदीवर जास्त वेळ. पाण्यावर जरा लहरी असल्या, समोरून वारा असला, की विमान लवकर सुटतं. सकाळी लवकर नको, ही तुमची मागणी म्हणूनच नुसता हट्ट ठरत नाही, पायलटच्याही सोयीची आहे. बैठकीत हे बोलून बघा, समोरचे जरा सावरून बसतील.

माझं लहानपण मिलच्या चाळीत गेलं. वडील तिसऱ्या पाळीला. मिलचा भोंगा वाजला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि कुणाच्याही तोंडून 'काय हा कर्कश आवाज' असं मी ऐकलं नाही. भोंग्यावर आई भात उतरवायची, पोरं शाळेला निघायची, म्हातारे घड्याळ लावायचे. मिल बंद पडल्या तेव्हा भोंगा ऐकू येत नाही म्हणून झोप मोडणारी माणसं मी पाहिलीत. तो ठरल्या वेळी यायचा, तेवढाच वाजायचा, आणि त्यात घराची भाकरी होती. याच तीन गोष्टी तुम्ही विमानाला विचारायच्या. येतं कधी, किती वेळा, आणि त्यात गावाचं काय?

तुमचे दाजी तिसऱ्या प्रश्नाला चिकटून बसलेत. ते चूक नाही, पण त्यांना थोडा इतिहास सांगायला हवा. अंदमानात २०१०च्या अखेरीला सरकारी सी-प्लेन सेवा सुरू झाली, पुढे बंद पडली. आपल्याच महाराष्ट्रात २०१४मध्ये मुंबईच्या जुहूहून पवना धरणावर विमान उतरलं, वर्तमानपत्रांत फोटो आले, सेवा काही रुजली नाही. गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२०ला साबरमतीहून केवडियाला मोठ्या थाटात सुरुवात झाली. तिथे ज्या तळ्यावर विमान उतरायचं होतं त्यातल्या मगरी पिंजरे लावून हलवल्या होत्या! २०२१च्या एप्रिलमध्ये ते विमान थांबलं. नोव्हेंबर २०२४मध्ये विजयवाड्याहून श्रीशैलमला आणि कोचीहून मुन्नारजवळच्या मट्टुपेट्टी धरणावर चाचणीची उड्डाणं झाली. मट्टुपेट्टीला वनखात्यानं हत्तींचं कारण पुढे केलं.

म्हणजे विमान येऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. होटगी रोडच्या विमानतळावरून पुन्हा कधी काळी विमान उडेल असं सोलापुरात तरी किती जणांना वाटत होतं? २०२३मध्ये विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५मध्ये विमान उडालं. पण पाण्यावरच्या विमानाचा आपल्या देशातला आजवरचा अनुभव पाहता, त्या भरवशावर धक्क्याशेजारी हॉटेल बांधायला कर्ज काढणं म्हणजे ढग बघून पेरणी करणं. दाजींना हे तुम्ही सांगू नका, ते ऐकणार नाहीत. गावातला दाजींच्या वयाचा, त्यांच्यासोबत चहा पिणारा माणूस गाठा.

आता ठरावाचं. केरळात जून २०१३मध्ये अशीच सेवा सुरू होत होती. उद्घाटनाच्या दिवशी अष्टमुडीहून निघालेलं विमान आलप्पुळाजवळ पुन्नमडा तलावावर उतरायचं होतं. मच्छीमारांनी पाण्यात विरोध उभा केला आणि ते तिथे उतरू शकलं नाही. तुमच्या गावचे भोई हे ऐकून खूश होतील. त्यांना सांगताना एवढंही सांगा की तिथली माणसं विमान वाईट म्हणून उठली नव्हती. आमच्या जाळ्यांचं काय, हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उठली. म्हणून भोयांना तुमच्या मागे उभं करू नका, पुढे बसवा. त्यांचं म्हणणं तुमच्या शांततेपेक्षा वजनदार आहे. तुमचं गिऱ्हाईक तुटेल, त्यांची चूल विझेल. शिवाय पाण्याखाली कुठे बाभळीची खोडं आहेत, कुठे जुनी विहीर बुडालीय, मे महिन्यात कुठला खडक वर येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. दोन गाड्या भरून आलेल्या माणसांना खरं तर हीच माहिती हवी होती.

कारण विमानाला पाणी लागतं भरपूर. एकोणीस आसनांच्या विमानासाठी पाण्यावरची धावपट्टी साधारण सव्वा किलोमीटरच्या घरात धरतात, आणि वर्षभर पुरुषभर तरी खोली हवी. दोन्ही टोकांना विमान चढायला-उतरायला मोकळी जागा लागते ती वेगळी. आपल्याकडचे तलाव पावसावरचे. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१मध्ये बांधून झाला. दुष्काळात त्याचा तळ उघडा पडलेला आपण पाहिलाय, आणि भरल्यावर सोलापूर शहर त्यातलं पाणी पितं. तुमचा तलाव त्याहून मोठा नाही. ऑक्टोबरात जी धावपट्टी बसते ती एप्रिलात बसेलच असं नाही. विमान तुमच्याकडे येणार की नाही हे शेवटी तुम्ही ठरवणार नाही, दाजीही ठरवणार नाहीत, बहुधा पाऊसच ठरवेल.

ठराव मांडा, पण 'नको'चा मांडू नका. विमान उडवायला परवानगी देणारे दिल्लीत बसतात, ते तुमच्या ग्रामसभेकडे बघणारही नाहीत. तलाव मात्र त्यांचा नाही. बहुतेक तलावांसारखा तुमचाही पाटबंधाऱ्याकडेच असेल, आणि पाण्यावर धक्का बांधायचा, बोटी हटवायच्या तर जलसंपदा खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला विचारल्याशिवाय काही होत नाही. अमेरिकेतसुद्धा हाच खेळ आहे. आकाशाचे नियम केंद्राचे, पण तळ्याच्या पाण्यावर कुणी कधी उतरायचं यात तळ्याच्या मालकाचं, गावाचं चालतं. म्हणून तुमचा कागद आकाशाकडे पाठवू नका, पाण्याच्या मालकाकडे पाठवा. आधी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. तलावाची पाहणी कुणी केली, कुणाच्या परवानगीनं केली, कुठला प्रस्ताव आलाय का? तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. असा प्रस्तावच नाही, असं उत्तर आलं तर तुम्ही आणि दाजी तीन महिने कशावर भांडलात ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवा.

प्रस्ताव असेल तर ठरावात काय मागायचं ते माझ्या अनुभवावरून सांगते, भाषा ग्रामसेवक बसवतील.

सगळ्यात आधी वेळ. सकाळी आठ-साडेआठच्या आत उड्डाण नको आणि सूर्य कलला की नको. रात्री पाण्यावर उतरायचा प्रश्न तसाही येत नाही, हा दिवसाउजेडीचा धंदा आहे. ही एक अट पक्ष्यांनाही पुरते. हिवाळ्यात तुमच्याकडे पट्टकादंब येत असतील, चक्रवाक येत असतील. ते पहाटे नि संध्याकाळी सर्वांत जास्त उडतात, आणि उडणाऱ्या थव्यात घुसणं पायलटलाही परवडत नाही. पक्षी कायमचे निघून जातील का, याची हमी मला देता येणार नाही. पण पहाट त्यांना सोडली तर भांडण बरंच सौम्य होतं.

दुसरं, आणि हे लोक हमखास विसरतात. प्रवासी नेणारं विमान दिवसातून दोनदा येईल, दोनदा जाईल. तुमचा खरा शत्रू 'जॉय राइड' आहे. गड्ड्याच्या जत्रेत पाळणा फिरतो तसं दहा मिनिटांची चक्कर, उतरा, पुढचे बसा, पुन्हा चक्कर. प्रत्येक चकरीला एक उड्डाण, म्हणजे प्रत्येक चकरीला तो अर्ध्या मिनिटाचा कल्ला. रविवारी अशा वीस चकरा झाल्या तर तुमच्या हुरड्याला कोण येणार? पायलट शिकवण्यासाठी उतर-उड, उतर-उड करतात तेही त्यातलंच. म्हणून ठरावात आवाजाचा आकडा नंतर लिहा, आधी उड्डाणांचा लिहा. दिवसाला इतकी, रविवारी इतकी. डेसिबलवर वकील वाद घालतील, उड्डाणं शाळेतलं पोरही मोजू शकतं.

तिसरं, विमान पाण्यावर धावायचा पट्टा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो. वस्तीपासून चारशे मीटरवरचा पट्टा आठशेवर नेला तर कानाला फरक कळतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, त्यामुळे दिशा रोज बदलू शकते. पण वर चढल्यावर गावावरून न वळता पाण्यावरूनच वळायचं, हे सांगता येतं आणि पाळताही येतं. सिअ‍ॅटलच्या त्या तळ्यात मधोमध एका रांगेत दिव्याचे तरंगते बोये आहेत. विमान यायच्या वेळी पिवळे दिवे लुकलुकायला लागतात आणि होडीवाले बाजूला सरकतात. सक्ती नाही, विनंती आहे. मी पाहिलं तेव्हा दोन पोरं वल्ही सोडून आरामात सँडविच खात बसली होती. दिवे लागले तशी तोंडात घास धरून दोघांनी होडी हलवली. विमान गेलं, पोरं परत मधोमध. तुमच्या भोयांची जाळी आणि तुमच्या पायडलच्या बोटी यांच्यासाठी असं काहीतरी लागेल. जाळ्यात फ्लोट अडकला तर जाळंही जातं आणि विमानही. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमात तर पाण्यावरच्या विमानानं साधारणपणे सगळ्या बोटींपासून दूर राहायचं असतं. आधी बोट, मग विमान. ही ओळ ठरावात मराठीत लिहून टाका, भोयांना धीर येईल.

चौथं इंधन. पिस्टनवाल्या विमानांच्या पेट्रोलमध्ये बहुधा अजून शिसं असतं, टर्बाइनवाल्यांच्या इंधनात नसतं. तलावातून कुणी पिण्याचं पाणी उचलत असेल तर काठावर इंधन भरायला परवानगी नको, एवढं एक वाक्य पुरे.

म्हशींचं विचारलंय. पहिल्या दिवशी बुजतील, दावं तोडतील, हे धरून चाला. चाचणीची तारीख आधी कळली तर त्या दिवशी काठाला चरायला सोडू नका. पुढचं माझ्यापेक्षा तुमच्या गावातला हायवेलगत गोठा असलेला माणूस सांगेल. रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकून त्याच्या म्हशी रवंथ करतातच ना? ठरल्या वेळी येणाऱ्या आवाजाला जनावर सरावतं. अचानक डोक्यावर आलेल्याला नाही.

अजून एक काम, आणि ते आजपासून. एक वही घ्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, चार वेळा काठावर उभं राहून मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपचा आकडा लिहा. मोबाइलचा आकडा कोर्टात टिकणारा नाही. पण त्याच मोबाइलनं, त्याच जागेवरून, वर्षभर लिहिलेल्या आकड्यांतला फरक खोटा नसतो. उद्या विमान आलं आणि तुम्ही म्हणालात की पूर्वी इथं शांतता होती, तर समोरचा विचारेल, कुणी मोजली होती? तक्रारी करणाऱ्यांकडे 'नंतर'चे आकडे असतात, 'आधी'चे कुणाकडेच नसतात. शेजारच्या रकान्यात आवाज कशाचा तेही लिहा. पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कुत्री, लग्नाची वरात.

आणि म्युझिक. दादा, 'संध्याकाळी थोडं म्युझिक असतं' हे वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सोलापूरच्या माणसाचं 'थोडं म्युझिक' मला माहीत आहे. आपल्याकडे मिरवणुकीत डीजे निघाला की तिसऱ्या गल्लीतल्या मांडणीवरची भांडी खाली येतात, आणि मालक म्हणतो, आज जरा कमीच ठेवलंय. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावताच येत नाही, सणावाराला सरकारनं सूट दिली तेवढीच. तुमचे स्पीकर पाण्याकडे तोंड करून असतील, तर ते पलीकडच्या काठावर कसे ऐकू जातात हे वर सांगितलेल्या गार हवेला विचारा. विमान महिन्याला जेवढा वेळ गर्जेल त्याहून जास्त वेळ तुमचा एक शनिवार गर्जत असेल. ग्रामसभेत दाजी उठून हे बोलले तर तुमचा ठराव तिथेच पडला म्हणून समजा. आणि दाजी बोलतीलच, बांध त्यांचा लागून आहे! कदाचित ते पाच वर्षं ऐकतायत आणि मेव्हणा म्हणून गप्प आहेत.

म्हणून सगळ्यांत आधी दाजींकडे जा. ग्रामसभेच्या आधी, अर्जाच्याही आधी. हातात कागद नको. गूळभेंडीची चार कणसं घ्या, बहिणीला आवडते ती शेंगाचटणी घ्या. ताई ओट्यावर वाण ठेवून उभ्या उभ्या गेली, हे वाचून माझ्या पोटात तुटलं. तिला आधी घरात बसून पाणी पिऊ दे. मग दाजींना एवढंच विचारा, "दाजी, आमच्या स्पीकरचा तुम्हाला त्रास होतो का?" विमानाचा विषय काढू नका. तो ते स्वतःच काढतील, आणि काढतील तेव्हा तुम्ही विरोधक म्हणून नाही, एका बांधावरचे दोन शेतकरी म्हणून बसलेले असाल. धक्का त्यांच्या कडेला झाला तर वेळा, चकरा आणि पट्टा यांची अट तेच लावून धरतील. कारण धक्क्यासमोर राहणाऱ्याइतका आवाज कुणालाच ऐकू येत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळेल.

ठराव दोघांच्या सहीनं मांडा. भोयांच्या संस्थेची तिसरी सही घ्या.

आणि ती वही शनिवारपासून सुरू करा. पहिल्या पानावर पहिली नोंद रात्री साडेनऊची, तुमच्या हुरड्याच्या मांडवातली नको. पलीकडे दाजींच्या अंगणात उभं राहून घेतलेली हवी.

तुमची ताई